पॉवर स्टीअरिंगचा पंप: सील बदलूनही तेल गळते

प्रश्न (जळगाव): माझ्या १९८२च्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ मोटारीचे स्टीअरिंग जागेवर वळवताना पंप कण्हतो आणि शाफ्टच्या (पंप फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाजूने तेल गळते. तेल अडवणारे सील बदलून दोन महिने झाले नाहीत, तोच पुन्हा ओल दिसू लागली. पंप पूर्ण उघडावा काय?

उत्तर (भुसावळ): उघडावाच. जिथे सीलची कड घासते, तिथे शाफ्टवर नख फिरवून पाहा. नख अडकले, तर चर पडला आहे असे समजावे, आणि अशा शाफ्टवर कितीही भारी सील टिकणार नाही. रोटरमधील (पंपाच्या फिरत्या गाभ्यातील) पाती काढताना त्यांची दिशा लिहून ठेवा, कारण गोलसर कड बाहेर, कॅम रिंगकडेच (पात्यांभोवतीच्या कड्याकडेच) यावी लागते. मी एकदा स्मरणावर विसंबलो आणि सगळा पंप पुन्हा खोलला.

उत्तर (धुळे): कण्हण्याचे कारण तेलात मिसळलेली हवाही असू शकते. स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीतील फिल्टर बदला. जोडणीनंतर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा आणि फेस थांबेपर्यंत तेल भरत राहा.

प्रश्नकर्ता: नख अडकले. शाफ्ट शोधतो.