अनुभव धागा : तेलुगू शेतकऱ्यांच्या गावातले दिवस

नांदेडकर :
ज्यांनी तेलुगू बोलणाऱ्या शेतकरी गावात काही काळ काढला आहे, त्यांनी इथे लिहावे ही विनंती. तिरुपतीची यात्रा आणि हैदराबादची बिर्याणी यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ती वगळावी. सुरुवात मी करतो.

निजामाबाद जिल्ह्यातल्या एका गावात बँकेच्या नोकरीमुळे मी तीन वर्षे राहिलो. जिरायती मुलखात वाढलेल्या मला पाणी म्हणजे ज्याच्या त्याच्या विहिरीतली वस्तू वाटत असे. त्या गावात ते आधी तलावाचे होते आणि मग माणसांचे. तलावाला तिथे चेरुवू म्हणतात, त्याच्या बांधातल्या मोरीला तूमू, आणि ती मोरी उघडून कोणाच्या खाचराला किती वेळ पाणी द्यायचे हे पाहणाऱ्या माणसाला नीरटी. आमच्या गावचा नीरटी म्हातारा होता. पूर्वी त्याला सुगीनंतर प्रत्येक खळ्यावरून भाताचा वाटा मिळे, म्हणजे आपल्याकडच्या बलुत्यासारखाच प्रकार. मी गेलो तेव्हा बोअरवेल इतक्या झाल्या होत्या की त्याला विचारणारे थोडेच उरले होते, तरी रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारल्याशिवाय तो चहा घेत नसे. २०१५ मध्ये तेलंगण सरकारने मिशन काकतीय या नावाने जुन्या तलावांतला गाळ काढायला घेतला, तेव्हा गाळ उपसण्याचा खर्च सरकारचा आणि तो शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी वाटणी होती. ट्रॅक्टरांची रांग लागली. नीरटी मात्र बांधावर बसून कुठे किती खोल खणावे यावरून यंत्रवाल्याशी भांडत होता, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर होते.

एक अवघड प्रसंगही सांगतो. गोदावरीवरचा बाभळी बंधारा आमच्या धर्माबाद तालुक्यातला आणि त्याच्या खालचे पोचमपाडचे धरण तेलंगणाचे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तरीही पाऊस लांबला की चहाच्या टपरीवर मला, "सार, तुमच्या लोकांना दरवाजे उघडायला सांगा," असे अर्धे थट्टेत आणि अर्धे खरेच ऐकावे लागे.

कोनसीमेची सून :
तुमचे गाव तलावाखालचे, माझे सासर कालव्याखालचे. गोदावरी समुद्राला मिळण्याआधी गौतमी आणि वसिष्ठा अशा शाखांत विभागते, आणि त्यांच्यामधल्या नारळ-भाताच्या प्रदेशाला कोनसीमा म्हणतात. नाशिकला जिच्या काठी मी लहानाची मोठी झाले, तीच नदी इथे इतकी रुंद असेल याची मला कल्पना नव्हती. धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने बांधलेला बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या कालव्यांनी हा दुष्काळी मुलूख भाताचे कोठार झाला. म्हणून इथल्या गावांत कॉटनचे पुतळे आहेत. इंग्रजाच्या पुतळ्याला हार घातलेला पाहून मी पहिल्या वर्षी हसले होते. सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कालव्यावर नेले आणि कालवा बंद असताना शेताचे काय होते ते दाखवले.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो नात्यांना. मोठ्या जावेला अक्का म्हणायचे हे सोपे गेले, कारण तो शब्द आपल्याकडेही आहे. पण नवऱ्याच्या थोरल्या भावाला बावगारू, थोरल्या नणंदेला वदिना, आणि सासूला अत्तय्या, हे घोटून पाठ करावे लागले. अत्ता म्हणजे आत्या आणि सासूही, मामा म्हणजे मामा आणि सासराही. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही असल्यामुळे यात मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते थोरल्या बहिणीची मुलगी करण्याचे. नाते नसलेल्या शेजाऱ्यालाही गावात कोणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. शेतावर रोपणीला आलेल्या बायका मला पहिल्याच दिवशी वदिना म्हणू लागल्या, आणि त्या हाकेसोबत उन्हात त्यांच्यासाठी ताक घेऊन जाण्याची जबाबदारीही आली.

बाहेरून हिरवेगार दिसणाऱ्या या गावात शेती कसणारे बरेचसे लोक कौलूवर, म्हणजे खंडाने, जमीन घेतात. खंड एकरी इतक्या बस्त्यांत ठरतो, बस्ता म्हणजे ७५ किलोचे भाताचे पोते. वादळ आले तरी मालकाचे बस्ते कमी होतीलच असे नाही. २०११ च्या खरिपात कोनसीमेच्या शेतकऱ्यांनी परवडत नाही म्हणून भात लावायचाच नाही असे ठरवले होते. त्याला तिथे पंटविराम, म्हणजे पिकाला सुटी, म्हणतात. पाणी असताना रान पडीक ठेवणे सासऱ्यांना किती जड गेले, हे त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे.

संक्रांतीचे तीन दिवस मात्र घर भरते. अंगणभर मुग्गू, म्हणजे रांगोळी, त्यावर शेणाच्या गोळ्यांच्या गोब्बेम्मा, कढईत अरिसेलू, जे आपल्या अनारशाचे भाऊच. तिसऱ्या दिवशी, कनुमाला, गुरांची पूजा होते, उडदाचे गारेलू, म्हणजे वडे, खायचेच असतात आणि गाव सोडायचे नसते. कनुमाला कावळासुद्धा जागचा हलत नाही, अशी म्हणच आहे. त्या दिवशी माहेरी जाण्याचा हट्ट मी एकदाच केला.

सांगलीकर :
माझा संबंध हळदीपुरता. निजामाबाद भागातले शेतकरी हळद घेऊन आमच्या पेठेत येतात, आणि त्यांच्या ओळखीने मी आर्मूरजवळच्या गावांत अनेक वर्षे जातो आहे. जूनमध्ये लावलेली हळद निघायला जानेवारी उजाडतो. पुढे शिजवणे, वाळवणे आणि घोळणे यांत अंगणे पिवळी होतात. एकदा ज्येष्ठी पौर्णिमेला तिथे होतो, तेव्हा बैलांची शिंगे रंगवून पहिले तास काढण्याचा एरुवाकाचा सण पाहिला. आमच्याकडे त्याच पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो. बैल थोडे उरलेत, म्हणून एका घरात ट्रॅक्टरलाच हळदकुंकू लावले होते.

सोलापूरकर :
आम्ही पद्मशाली, पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. घरात तेलुगू बोलतो, पण ते शंभर वर्षांपूर्वीचे आणि मराठीत बुडालेले. मूळ गावी पहिल्यांदा गेलो तो बतुकम्माच्या दिवसांत. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बायका तरवडाची पिवळी आणि कुरडूची फुले थरावर थर रचून त्यांची शिखरे करतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात आणि भोवती फेर धरतात. फेर पाहून बायकोला तिच्या माहेरचा भोंडला आठवला. तरवड आणि कुरडू हे रानातले तण. त्यांचीच देवी करावी, हे मला शेतकऱ्याच्या बुद्धीचे वाटते. शेवटच्या दिवशी दही, चिंच आणि तिळाचे भात घेऊन सगळे चेरुवूवर जातात आणि फुले पाण्यात सोडतात. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याऐवजी जम्मीची, म्हणजे शमीची, पाने देतात.

माझे बोलणे ऐकून एक म्हातारी खूप हसली. ती म्हणाली, असे बोलणारी माणसे आता या गावात उरली नाहीत. तिची आजी असे बोलत असे. मग तिने शेजारच्या दोघींना बोलावले आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

नांदेडकर :
सोलापूरकर, ते वाक्य कोणते, तेही लिहा.

सोलापूरकर :
"अन्नम तिन्नावा?" एवढेच. जेवलास का. शब्द तिथेही तेच आहेत, हेल फक्त आमचा जुना.