मदत हवी आहे: चेतक-चीता हेलिकॉप्टरचं वय नेमकं कसं मोजतात?

नमस्कार मंडळी. भाचा नाशिकच्या गांधीनगरला आर्मी एव्हिएशनच्या ट्रेनिंगला निघालाय. जुळे सोलापुरात ताईनं पेढे वाटले आणि रात्री दाजींनी कुठंतरी वाचलं की तिथली हेलिकॉप्टरं जुन्या बनावटीची. तेव्हापासून ताईचा रोज फोन, "तू मशीनवाला ना, सांग की!"

मी पूर्व भागात यंत्रमाग दुरुस्त करतो. तीस वर्षांचा माग पार्ट बदलून चालवतो, पण तो अडला तर धागा तुटतो, एवढंच. इथं वर माणूस असतो.

वाचून कळलं ते असं: चेतक, चीता दोन्ही मूळ फ्रेंच, एचएएल या सरकारी विमान कंपनीनं परवान्यावर बांधलेली. चेतक १९६०च्या दशकापासून, चीता १९७०च्या. दोन्हींना इंजिन एकाच जातीचं. तरी सियाचीनच्या चौक्यांना रसद मुख्यतः चीता पोचवत आलंय, कारण विरळ हवेतही ते तग धरतं. त्याच्या फ्रेंच भावंडानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती! आणि नवं तेवढं निर्धोक, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर ध्रुव या एचएएलच्याच नव्या हेलिकॉप्टरची उड्डाणं थांबवलीच होती.

तर, ब्लेड, गिअरबॉक्स उड्डाणाच्या तासांवर बदलतात, पण सांगाड्याचं काय? त्यातली बारीक चीर कशी शोधतात? इंजिन बंद पडलं तर पंखा हवेच्या जोरावर फिरता ठेवून उतरवतात म्हणे, ते डोंगरात कितपत जमतं?

ग्रुपमध्ये कुणी निवृत्त टेक्निशियन असतील तर सोप्या शब्दांत सांगा. रविवारी ताईकडं जेवायला जायचंय.