गाडी चढाला तापते, कूलंट गायब होतं पण खाली थेंब नाही. हेड गॅस्केटच का?

काटा_मध्यावर

मंडळी जरा मदत हवीये, डोकं चालेनासं झालंय. पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, नऊ वर्षं जुनी, ९६ हजार किमी. ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली तरी काही होत नाही, फॅन लागतो, बंद होतो, टेम्परेचरचा काटा मध्यावरच. पण मोकळ्या रस्त्याला ९० च्या पुढे धरली किंवा लांब चढ लागला की पंधरा-वीस मिनिटांत काटा वर सरकायला लागतो. दोनदा लालला टेकला, दोन्ही वेळा बाजूला घेऊन बंद केली. दुसऱ्या वेळी एसी बंद करून हीटर फुल लावला, असं करतात म्हणे, तर आधी गरम हवा आली आणि मग काटा वर असतानाच चक्क गार यायला लागली.

कूलंट आठवड्याला साधारण अर्धा लिटर कमी होतं. खाली डाग नाही, पुठ्ठा घालून पाहिला रात्रभर, कोरडा. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅप दोन्ही नवीन टाकून झाले, फरक शून्य.

आता मेकॅनिक म्हणतो ऑइलच्या झाकणाला आतून पिवळट साय आलीये आणि सकाळी पांढरा धूर येतो म्हणजे गॅस्केट (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडालं, हेड खोलू. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ आहे. हेड खोलायचं म्हणजे मोठं काम, त्यामुळे आधी इथे विचारते. खरंच तेवढ्यावरून गॅस्केट ठरवतात का?

जुना_बोनेट

नाही ठरवत. झाकणाची साय आणि सकाळचा पांढरा धूर या दोन गोष्टींवर जेवढी हेडं उगाच खोलली गेलीयेत तेवढी दुसऱ्या कशावर नसतील. गाडी रोज दोन-चार किमीच पळत असेल तर इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ झाकणाला जाऊन थिजते आणि ऑइलमध्ये मिसळून ती साय होते, डिपस्टिक स्वच्छ आहे म्हणजे खालचं ऑइल बहुतेक ठीकच असणार. धुराचंही तसंच, थंड सकाळी सायलेन्सरमधून वाफ येते आणि पाच-दहा मिनिटांत जाते, ते नॉर्मल आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येतोय आणि त्याला गोडसर वास आहे, असं असेल तर मग काळजी.

उलट तुम्ही जे सहज सांगून गेलात ते मला जास्त खटकतंय, हीटर गार होणं. इंजिन उकळतंय आणि हीटर गार, म्हणजे गरम कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाहीये. एक तर लेव्हल खाली गेलीये, नाहीतर आत हवा किंवा गॅस अडकलाय, नाहीतर पंप ढकलत नाहीये. आणि उभी असताना तापत नाही म्हणजे फॅन, रिले वगैरे सोडून द्या, ते बरोबर आहेत.

एक करा. रात्रभर गार झालेल्या गाडीचं बोनेट उघडा, रेडिएटरचा वरचा जाड होज हाताने दाबून बघा, मऊ असेल. आता स्टार्ट करून एक-दीड मिनिटाने परत दाबा. एवढ्या वेळात कूलंट तापून फुगत नाही, तरी होज दगडासारखा झाला तर आत गॅस शिरतोय. आणि गरम असताना कॅप उघडू नका. अर्धं पाणी अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, कॅपच्या दाबाखाली सव्वाशेच्या आसपास, त्यामुळे कॅप सैल केली की सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

हिरवं_कूलंट

मी वेगळं सांगतो. आधी रेडिएटर आणि पंप बघा. माझ्या गाडीला अगदी हेच होतं, मोकळ्या रस्त्याला तापणं, हीटर गार, सगळं. हेड खोललं, गॅस्केट ठणठणीत निघालं! शेवटी काय तर पंपाचा प्लास्टिकचा इंपेलर शाफ्टवर सैल झालेला, हळू फिरवला की बरोबर, आरपीएम वाढला की शाफ्ट फिरतोय आणि पंखा जागेवरच. त्या दोन आठवड्यांचा राग अजून गेला नाहीये माझा.

इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर इंजिन गरम करून रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली माप घ्या. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे, मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या चोक आहेत. हात लावून बघू नका, इलेक्ट्रिक फॅन बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो. आणि मध्ये कधी नुसतं नळाचं पाणी भरत होतात का? त्याने आत गंज आणि क्षार धरतात.

काटा_मध्यावर

नळाचं पाणी आधीच्या मालकाने भरलं असणार, मी गाडी घेतली तेव्हा आतलं पाणी चहासारखं होतं 😐

होजची टेस्ट आज सकाळी केली. दीड मिनिटाच्या आतच कडक झाला. मग दुपारी पूर्ण गार झाल्यावर कॅप उघडून स्टार्ट केली तर बारीक बुडबुडे येत होते, थांबतच नव्हते. अजून एक, आधी लिहायचं राहिलं, रोज सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी पाच-सहा सेकंद तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते आणि मग एकदम नीट होते. मी प्लग जुने असतील म्हणून सोडून दिलं होतं.

पण मेकॅनिककडे ती निळ्या पाण्याची टेस्ट (कूलंटमध्ये इंजिनचा धूर शिरतोय का ते बघतात ती) करून घेतली तर पाणी निळंच राहिलं. म्हणजे गॅस्केट ठीक ना?

तेलकट_हात

लिक मारायचं लिक्विड मिळतं ते टाकून बघा, रेडिएटरमध्ये ओतायचं की झालं. माझी एक गाडी त्यावर वर्षभर चालली.

टॉर्क_रेंच

@तेलकट_हात, गाडी भंगारात द्यायची ठरलीच असेल तर ठीक. ते लिक्विड फटीत बसतं तसं हीटर कोअरमध्येही (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) बसतं, आणि हिचा रेडिएटर आधीच चहा पिऊन बसलाय.

@काटा_मध्यावर, सकाळच्या पाच-सहा सेकंदांनी मला खात्रीच वाटायला लागलीये. गाडी बंद केल्यावर सिस्टिममध्ये दाब असतो, तो कूलंटला थोडं थोडं सिलिंडरमध्ये ढकलतो, रात्रभरात चमचाभर साचतं, सकाळी तो सिलिंडर पेटत नाही, मग ते वाफ होऊन निघून जातं. म्हणून पुठ्ठा कोरडा.

निळी टेस्ट कधी केली, गार इंजिनवर, उभ्या उभ्या? तसं असेल तर ती धरू नका. हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि तुमचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल तर तापल्यावर हेड जास्त पसरतं, शिवाय चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, त्यामुळे लहान फट लोडवरच उघडते. चढावर गाडी तापवायला जाऊ नका. गॅरेजमध्येच पूर्ण टेम्परेचरला आणून आरपीएम वाढवत बराच वेळ टेस्ट धरायला सांगा. कूलंटची लेव्हल आधी दोन बोटं खाली घ्यायची, कूलंट त्या निळ्या पाण्यात ओढलं गेलं तर टेस्ट वाया. धुरातला कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं होतं.

तरीही निळं राहिलं तर प्रेशर टेस्ट. इंजिन गार झाल्यावर कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब भरायचा, बहुतेक ०.९ ते १.१ बार असतो, आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी स्टार्ट करायचं नाही! चारही प्लग काढायचे, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा आणि मग नुसता स्टार्टर मारायचा. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर. पाणी दाबलं जात नाही, प्लग असताना जास्त पाण्यावर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सध्या गाडी चालवूच नका खरं तर.

जुना_बोनेट

बुडबुडे थांबत नाहीत म्हटल्यावर मीही टॉर्क साहेबांच्या बाजूने. साय आणि धुरावरून नाही ठरवलं एवढंच माझं म्हणणं होतं.

काटा_मध्यावर

अपडेट. गरम इंजिनवर चार मिनिटांनी हिरवट आणि मग स्वच्छ पिवळं झालं. रात्रीच्या प्रेशर टेस्टला दाब अर्ध्यावर आला होता. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्या तीन तपकिरी प्लगांपुढे धुतल्यासारखा पांढराशुभ्र, आणि स्टार्टर मारल्यावर त्याच भोकातून फवारा उडाला.

हेड उतरवलं. गॅस्केट तिसऱ्या सिलिंडर आणि पाण्याच्या भोकाच्या मध्ये जळालंय, काळा पट्टा सरळ दिसतो. हेडवर स्ट्रेटएज (सरळ पट्टी) ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला तर मध्यावर ०.१२ मिमी जातो, आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०.०५ पर्यंतच चालतं असं दिलंय. आणि @हिरवं_कूलंट तुम्हीही बरोबर निघालात, पंप ठीक आहे पण रेडिएटरच्या खालच्या अर्ध्या नळ्या गच्च. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर धुऊन परत लावू.

हिरवं_कूलंट

धुऊन नको!! नवीनच घाला. त्याच रेडिएटरने आधी तापवली म्हणून तर हेड वाकलं, परत तोच लावला तर नवीन गॅस्केटही सहा महिन्यांत मागेल.

टॉर्क_रेंच

+१. हेडला फेस मारायच्या (घासून सपाट करायच्या) आधी प्रेशरला लावून चीर आहे का ते बघा, मारल्यावर कळून काय उपयोग. ब्लॉकवरही स्ट्रेटएज ठेवा, ते सगळे विसरतात. जुनं गॅस्केट ग्राइंडरला पॅड लावून घासू देऊ नका, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि त्याची बारीक पूड बेअरिंगमध्ये जाते. हेडचे बोल्ट एकदाच ताणून वापरायच्या जातीचे असतील तर नवीनच लागतात, मॅन्युअलमध्ये टॉर्क देऊन पुढे ९० डिग्री वगैरे लिहिलं असेल तर ते त्याच जातीचे. कसताना मधून बाहेर. आणि ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी आहेत ना ते स्वतः डोकावून बघा, तळाशी पाणी राहिलं तर बोल्ट त्याच्यावरच टेकतो, रेंच म्हणतो टॉर्क झाला आणि हेड सैलच, कधी कधी ब्लॉकही तडकतो.

जोडल्यावर ऑइल बदला, हवा नीट काढा, आणि काट्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत ७५ पासून पार १०५ पर्यंत तो मध्येच ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅनर लावून खरा आकडा बघत एक लांब चक्कर मारा.

काटा_मध्यावर

आत्ताच टॉर्च मारून बघून आले. दहापैकी दोन भोकांत कूलंट साचलेलं होतं. मेकॅनिक म्हणाला, अहो थोडंसंच आहे. हवा मारून काढायला लावलं, आता कापूस घालून बघितला, कोरडा येतोय.