शब्दचर्चा : 'ह्यूमनॉइड रोबोट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रोबोटविषयी लोकांना काय वाटतं, हे विचारणारी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. 'मानवाकृती यंत्रमानव' चालेल का? 'मानव' दोनदा येतो.

उत्तर १ : पुनरुक्तीपेक्षा मोठी अडचण अशी की 'यंत्रमानव' म्हटल्याबरोबर डोकं, हातपाय डोळ्यांसमोर येतात. कारखान्यात वेल्डिंग करणारा नुसता हातही रोबोटच. 2012 च्या युरोबॅरोमीटर पाहणीत (युरोपीय संघाची जनमत चाचणी) लोकांना आधी दोन चित्रं दाखवली होती, एक घरकामाला मदत करणाऱ्या माणसासारख्या रोबोटचं आणि दुसरं कारखान्यातल्या यंत्राचं. मराठीत 'यंत्रमानव' लिहिलंत तर चित्र दाखवण्याआधीच कौल एका बाजूला झुकतो. म्हणून सर्वसाधारण अर्थी 'रोबोट', आणि ह्यूमनॉइडसाठी 'मानवाकृती रोबोट'. 'माणसासारखा रोबोट' टाळा. दिसायला की वागायला, हे कळत नाही. पहिल्यांदा वापरताना कंसात खुलासा द्या : डोकं, धड आणि दोन हात असलेला, खाली पाय किंवा चाकं.

उत्तर २ : 'यंत्रमानव' अगदीच चुकीचा नाही. कारेल चापेक यांच्या 1920 च्या चेक नाटकातले रोबोट दिसायला माणसांसारखेच होते. शब्द त्यांचा भाऊ योसेफ याने सुचवला, 'रोबोता'वरून. म्हणजे आपली वेठ. अर्थाने 'वेठबिगार' जवळचा. पण प्रश्नावलीसाठी 'रोबोट'च, हे मान्य. माणसासारख्या रोबोटसाठीचा 'अँड्रॉइड' हा शब्द मात्र नको, लोक फोन समजतील.

उत्तर ३ : नामापेक्षा 'ला' प्रत्ययाकडे जास्त लक्ष द्या. मराठीत 'खुर्ची उचलली', पण 'मुलाला उचललं'. 'रोबोट बंद केला' यात तो वस्तू आहे. 'रोबोटला बंद केलं' यात जिवंतपणाची छटा येते. एका विधानात हे आणि दुसऱ्यात ते झालं, तर उत्तरातला फरक मताचा की व्याकरणाचा, हे सांगता येणार नाही. एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

रोबोटविषयीची नकारात्मक वृत्ती मोजणारी नोमुरा आणि सहकाऱ्यांची जपानी मापनश्रेणी घेत असाल तर तिच्यात 14 विधानं आहेत : रोबोटशी प्रत्यक्ष संबंध 6, समाजावरचा परिणाम 5, भावना 3. शेवटची तीन उलट दिशेची असल्याने त्यांचे 1 ते 5 मधले गुण 6 मधून वजा करायचे (2 चे 4). त्यातलं एक विधान रोबोटशी बोलताना निवांत वाटण्याचं आहे. 'अवघडल्यासारखं वाटणार नाही' असं भाषांतर केलंत की 'असहमत' निवडणाऱ्याला नकाराचा नकार सोडवावा लागतो, आणि पुष्कळ जण उलटी खूण करतात. 'मोकळेपणाने बोलता येईल' असं होकारार्थी लिहा. मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून घ्या आणि पाच-सहा जणांना प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा.

प्रश्न : आणि 'अनकॅनी व्हॅली'? म्हणजे जवळजवळ माणसासारखा रोबोट पाहून वाटणारी अस्वस्थता.

उत्तर १ : जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी तिला 1970 मध्ये 'बुकिमी नो तानी' म्हटलं. 'भेसूर दरी' फार भडक. भेसूर चेहरा मुळातच भयानक असतो. इथे उलट आहे. मोरींचं उदाहरण कृत्रिम हाताचं : दिसतो खरा, पण हस्तांदोलन केलं की थंड आणि हाडं नसल्यासारखा लागतो. जवळजवळ माणूस, पण कुठेतरी खटकणारा. मी 'अस्वस्थतेची दरी' वापरेन.

उत्तर २ : 'दरी' आलेखातली, हेही सांगावं लागेल. माणसाशी साम्य वाढत जातं तशी आपुलकी वाढते, आणि अगदी शेवटाजवळ एकदम खाली घसरते. नाहीतर मराठी वाचक 'दरी' म्हणजे दोघांमधलं अंतर समजेल, 'श्रीमंत-गरीब दरी'सारखं.