जमीन-घर गहाण घेऊन व्याजानं पैसे द्यावेत का?

टिळकवाडीकर :
अमेरिकेत काही लोक घर विकत घेण्याऐवजी घरावरच्या कर्जाचा कागद विकत घेतात. कर्जदाराचा हप्ता मग बँकेऐवजी त्यांना येतो आणि हप्ता थकला तर घर तारण असतंच. भाडेकरू शोधा, गळती काढा, ही कटकट नाही. बेळगावात ५० लाखांच्या फ्लॅटला महिना १२-१३ हजार भाडं धरलं तर वर्षाला ३ टक्केच सुटतात. तेच पैसे रीतसर गहाणखत करून, जागेच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत, वर्षाला १२ टक्क्यांनी दिले तर निवृत्त माणसाचा घरखर्च निघतो. आपल्या मराठी कुटुंबांनी नुसतं एफडीला चिकटून न राहता याचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे. विरोध असेल तर तोही लिहा.

खानापूरकर :
विरोधच आहे, काका. तुम्ही १२ टक्के लिहिलंत, गावात दर चालतो शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४. दोन एकर भात करणारा माणूस मुलीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला पैसे उचलतो, आणि देणारा त्याच गावातला असतो. पहिली दोन वर्षं व्याज फिटत नाही, तिसऱ्या वर्षी उताऱ्यावर नाव बदलतं. हे घरबसल्या येणारं उत्पन्न कुणाच्या घरातून येतं, हे आधी बघा.

आणि कायदा? कर्नाटकात १९६१ पासून सावकारीला परवाना लागतो. ओळखीच्याला एखाद्या वेळी दिलेले पैसे वेगळे. ठरवून, फिरवून, चार जणांना व्याजानं दिले की तो धंदा झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनं वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला. बिगर परवाना देणाऱ्याचं दुर्बल कर्जदाराकडचं येणं त्यात फिटलं असं धरतात, जाच केला तर १० वर्षांपर्यंत कैद आहे.

निपाणकर :
खानापूरकर, सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. गरजू माणूस म्हणजे फक्त शेतकरी नव्हे. आमच्याकडचा किराणा दुकानदार घ्या, वडगाव-शहापूरचा कापडाचे माग चालवणारा मागवाला घ्या. घर स्वतःचं, कागद चोख, पण आयकर विवरण कधी भरलं नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. त्यानं सूत कशावर घ्यायचं? त्याला आपल्यातल्याच माणसानं रास्त दरानं, चेकनं, नोंदणी करून पैसे दिले तर त्यात पाप कसलं? ही वाट बंद केली की तो थेट आठवड्याच्या वसुलीवाल्याकडं जातो.

रजिस्टर ऑफिसजवळचा :
दस्त लिहिण्यात आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेची गोष्ट इथं लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेनं दिलेलं कर्ज ठरावीक वित्तसंस्थांनाच विकत घेता येतं, तुम्हा-आम्हाला नाही. दुसऱ्या खासगी माणसाकडून गहाणाचं येणं घ्यायचं तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं ते स्थावराचंच हस्तांतरण धरतात. नोंदणी करावीच लागते.

स्वतः गहाण घेणार असाल तर दोन साक्षीदार आणि नोंदणी हवी. शंभराच्या बॉण्डवर नोटरीचा शिक्का म्हणजे गहाणखत नव्हे. असे कागद उशाशी घेऊन झोपलेली माणसं मी रोज बघतो. २० हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीनं घेतलं तर घेणाऱ्याला आयकराचा दंड वेगळा.

आता खरी अडचण. हप्ता थकला की बँक २००२ च्या सरफेसी कायद्यानं कोर्टात न जाता घर ताब्यात घेते. खासगी माणसाला तो कायदा नाही. त्याला दिवाणी दावा लावावा लागतो. आधी प्राथमिक हुकूमनामा, मग पैसे भरायला मुदत, मग अंतिम हुकूमनामा, मग लिलाव. अपील झालं की वर्षं मोजायचं सोडून द्या. साठी उलटलेल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चाची सोय म्हणून हे सुचवणं मला पटत नाही.

आणि निपाणकर, चोख कागदाचा मागवाला असतो, नाही म्हणत नाही. पण जास्त करून खासगी गहाणाला येणारी जागा म्हणजे बिगर एन.ए. (बिगरशेती न झालेला) प्लॉट, ई-खाता (मालमत्तेची सरकारी संगणक नोंद) नसलेलं घर, नाहीतर वडिलोपार्जित शेत. बँकेनं नाकारलं त्याचं कारण त्या जागेतच असतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः हक्क कर्नाटकानं १९९४ लाच दिला. बहिणींच्या सह्या नसतील तर तुमचं तारण भावाच्या हिश्शापुरतंच उरू शकतं. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर स्वतःच्या ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या, कर्जदारानं आणलेल्या माणसाकडून नको.

टिळकवाडीकर :
दाव्याचा वेळ टाळायला बरेच जण गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेतात, आणि पैसे परत आले की जमीन परत द्यायचा वेगळा करार करतात. त्याचं काय?

खानापूरकर :
याच वाटेनं जमिनी गेल्या, काका. बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात खरेदी, आणि परतीचा कागद पैसे देणाऱ्याच्या कपाटात!

रजिस्टर ऑफिसजवळचा :
परत देण्याची अट त्याच खरेदीखतात नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. म्हणजे कर्जदाराचा सोडवून घ्यायचा हक्कच बुडतो. मी असे दस्त लिहीत नाही.

अनगोळची वाचक :
काका, तुम्हाला इमारतींमधूनच उत्पन्न हवं असेल तर शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे निधी. पहिलं २०१९ मध्ये आलं. वाटण्याजोग्या रोख रकमेतला किमान ९० टक्के हिस्सा त्यांना गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो, आणि एक युनिटसुद्धा घेता येतं. भाव खालीवर होतो, पण कुणाच्या दारात वसुलीला जावं लागत नाही. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थांचं मात्र जपून. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही.

निपाणकर :
रीट घ्या की, चांगलंच आहे. पण त्यानं मागवाल्याला सूत मिळत नाही. खरेदीखताच्या वाटेला माझाही विरोध आहे. तरी परवाना काढून, सरकारी मर्यादेतल्या दरानं, गहाणखत करून कुणी पैसे देत असेल तर त्याला सावकार म्हणून वाळीत टाकू नका, एवढंच माझं म्हणणं. परवान्याची वाट कुणी सांगत नाही, म्हणून सगळा व्यवहार बॉण्डवर आणि अंधारात होतो.

खानापूरकर :
परवाना काढणारा एक दाखवा, मी त्याच्याकडं माणसं पाठवतो.