ध्रुवण मोजताना समोर चकती का फिरवतात?

आकाशवेडी:
एमएस्सीच्या सेमिनारसाठी सीएमबीच्या, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या मंद सूक्ष्मलहरींच्या, ध्रुवणावर (लहर कोणत्या दिशेत कंप पावते त्यावर) वाचतेय. चिलीत, अटाकामात ५२०० मीटरवर सायमन्स ऑब्झर्व्हेटरी आहे. तिच्या लहान दुर्बिणींत डिटेक्टरच्या पुढे नीलमची चकती, म्हणजे ध्रुवणाची दिशा वळवणारी हाफ-वेव्ह प्लेट, सेकंदाला साधारण दोन फेऱ्या मारत असते. काटकोनात दोन डिटेक्टर ठेवून वजाबाकी केली की ध्रुवण मिळतंच ना? मग एवढ्या नाजूक मोजमापात फिरता भाग कशाला?

प्रयोगशाळावाला:
वजाबाकी कागदावर सोपी. दोन डिटेक्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक जरा जास्त संवेदनशील निघाला की हवेतल्या बाष्पाचा चढउतार पुरता कटत नाही, आणि आपला बी-मोड, म्हणजे ध्रुवणातला पिळदार नमुना, तर मायक्रोकेल्विनच्याही अंशात. चकती फिरली की आकाशाकडून आलेलं ध्रुवण तिच्या चौपट वारंवारितेवर, ८ हर्ट्झच्या आसपास जाऊन बसतं. हवा सावकाश बदलते, ती कमी वारंवारितेवरच राहते.

घरी करून बघा. एलसीडी स्क्रीन पांढरा ठेवा, पोलरॉइड गॉगल हातात फिरवत स्क्रीन काळा होईल तिथे धरा. मध्ये सेलोटेप लावलेली काच फिरवा आणि एका फेरीत किती वेळा उजळतं ते मोजा. कॉलेजात पोरांकडून मी हे वर्षानुवर्षं करून घेतलंय.

ध्रुवप्रेमी:
एक भर. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ या सीएमबी दुर्बिणीत अशी चकती नव्हती. तिथली हवा फार कोरडी आणि स्थिर, त्यामुळे जोडीची वजाबाकी चालते, शिवाय ते अख्खी दुर्बीण तिच्या अक्षाभोवती वळवून परत मोजतात. चकतीचा खर्चही आहे: ती स्वतः उष्णता सोडते, म्हणून थंड करून, चुंबकावर तरंगती ठेवून फिरवावी लागते.

आकाशवेडी:
केलं! एका फेरीत बरोबर चारदा उजळलं. पण सर, उजेड पांढरा नाही, पिवळट आहे. टेपचा दुसरा थर लावला तर रंगच बदलला.

प्रयोगशाळावाला:
शाब्बास, तो रंग महत्त्वाचा. जाडी एकाच तरंगलांबीला नेमकी बसते, आणि दुर्बिणीला ९० व १५० गिगाहर्ट्झ दोन्ही लागतात, कारण आपल्या आकाशगंगेतली धूळही ध्रुवित लहरी सोडते, ती वेगळी ओळखावी लागते. २०१४ मध्ये बायसेप२ने एकट्या १५०वर, बी-मोडमध्ये, आदिम (विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या) गुरुत्वीय लहरींचा संकेत जाहीर केला. प्लांक उपग्रहाचं ३५३ गिगाहर्ट्झचं, धुळीचं मोजमाप जोडल्यावर तो दावा टिकला नाही. दोन्ही वारंवारितांना चालावं म्हणून तीन चकत्या एकावर एक ठेवतात, मधली वळवून. ही रचना भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये बंगळूरच्या रामन इन्स्टिट्यूटमध्ये, वयाच्या विशीत, साध्या प्रकाशासाठी मांडली होती. सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर त्यांचं नाव टाका.