सप्रेसरमधून शिशाची गोळी: पावडर कोटिंग केलं की भागतं का?

ऑस्टिनकर

टेक्सासमध्ये राहतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचा छंद आहे, तोही आता नऊ वर्षांचा. सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा आवाज कमी करणारं, नळीच्या टोकाला लावायचं नळकांडं, इथे कायदेशीर आहे. १९३४ च्या कायद्याने बसवलेला २०० डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र तशीच आहे. कर गेल्यामुळे ओळखीतले बरेच जण पहिल्यांदाच सप्रेसर घेत आहेत आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: घरी ओतलेली गोळी यातून चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे. उघड्या शिशाची, मेण लावलेली गोळी सप्रेसरमधून मारूच नये. पावडर कोटिंग केलेली, म्हणजे कोरडी रंगपावडर चढवून ओव्हनमध्ये भाजलेली, खुशाल मारावी.

कारण डोळ्यांनी पाहिलंय. एका मित्राचा पॉइंट टू-टूचा (०.२२ इंची गोळीचा) सप्रेसर दोन वर्षं उघडलाच नव्हता. त्या काडतुसांत बहुधा साधी शिशाचीच गोळी असते. उघडायला घेतला तर आतल्या चकत्या, म्हणजे बॅफल, एकमेकींना चिकटून बसलेल्या. लाकडी दांड्याने ठोकून बाहेर काढल्या. प्रत्येकीवर राखाडी, खडबडीत थर, मध्ये मेणाची काजळी. साफ करून काट्यावर ठेवला तर ४० ग्रॅम हलका भरला.

कोटिंगवाली गोळी पितळेच्या कल्हई केलेल्या पातेल्यासारखी असते. आतला धातू बाहेरच्याला शिवत नाही. माझा .४५ चा सप्रेसर तीन वर्षं फक्त अशाच गोळ्यांवर चाललाय. उघडला की निघते ती सुटी काजळी, शिशाचा थर नाही.

जॅकेटच_बरं

सहमत नाही. विकतची जॅकेटवाली, म्हणजे तांब्याचं आवरण असलेली गोळीच बरी. आठशे डॉलरच्या वस्तूतून गोळीमागे दहा सेंट वाचवायचे, हा हिशोब मला पटत नाही.

खरी भीती साफसफाईची नाहीच, गोळी बॅफलला लागण्याची आहे. घरी ओतलेली गोळी नळीला किंचित सैल बसली, तर ती नीट फिरत नाही, कोलमडत जाते. कागदावर गोल भोकाऐवजी आडवं भोक दिसतं. सप्रेसर नसेल तर नुसता नेम चुकतो. सप्रेसर असेल तर तीच गोळी आतल्या चकतीला घासते आणि पुढचं टोक फाटतं.

शिवाय शिसं काय फक्त गोळीतच असतं? नेहमीच्या काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीत, लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. गोळीला कितीही रंग लावा, ते धुरातून सप्रेसरमध्ये जाणारच.

ऑस्टिनकर

प्रायमरचं मान्य. पण मग जॅकेटचंही ऐका. नेहमीच्या पूर्ण जॅकेटच्या गोळीची मागची बाजू बहुतेक वेळा उघडी असते, तिथे शिसं दिसतं. जळत्या दारूचा सगळा तडाखा नेमका तिथेच बसतो. डब्यात हलवून कोट केलेल्या गोळीला बूडही झाकलेलं असतं.

सैल गोळीचा मुद्दा मात्र रास्त आहे. कोटिंगने व्यास दोन-चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वाढतो, म्हणून भाजल्यावर प्रत्येक गोळी साइझिंग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, दाबून काढतो. नवीन तुकडीच्या वीसेक गोळ्या आधी सप्रेसर न लावता कागदावर मारतो. एक जरी भोक लांबट दिसलं तरी अख्खी तुकडी पुन्हा भांड्यात.

भोसरीचा_भट्टीवाला

बंदुकीतलं मला काही कळत नाही. भोसरीत २२ वर्षं पावडर कोटिंगचं युनिट चालवतोय, तेवढ्यापुरतं बोलतो.

आमच्याकडे जॉब, म्हणजे कोट करायची वस्तू, सात टाक्यांतून जातो. तेलकटपणा काढणे, धुणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग, हे सगळं झाल्यावर पावडर. तुम्ही प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या हलवता आणि घर्षणाच्या विजेवर पावडर चिकटते. चिकटेल, पण बोटाचं तेल किंवा साच्याला फासलेलं काही गोळीवर राहिलं असेल, तर तिथे कोट पकडणार नाही. उघड्या हाताने गोळ्या धरूच नका.

दुसरी चूक हमखास होते. २०० डिग्रीला २० मिनिटं म्हणजे ओव्हनचा काटा २०० वर गेल्यापासून नव्हे. जॉबचं स्वतःचं तापमान तिथे पोचल्यापासून वेळ धरायचा. शिसं जड, त्यात ट्रे खच्चून भरलेला, मग आतल्या गोळ्या कच्च्या राहतात. वरून चकचकीत दिसतं आणि आपण फसतो. एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करा. कोट धातूबरोबर पसरला तर भाजणी झाली. पापुद्रा उडाला तर तोच पापुद्रा तुमच्या नळीत उडणार.

बालकक्ष_ओहायो

मी मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. इतका वेळ चर्चा सप्रेसरच्या तब्येतीची चाललीय, म्हणून लिहिते.

ऑस्टिनकर, कल्हईचं उदाहरण तुम्ही दिलंत. कल्हई उडाली की त्या पातेल्यात ताक कळकतं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण कल्हईवाला भाता कुठे मांडायचा ते आठवा. अंगणापलीकडे, झाडाखाली. नवसागराचा धूर कोणी माजघरात काढला नाही. तुम्ही शिसं कुठे वितळवता? गॅरेजमध्ये, आणि गॅरेजचं दार स्वयंपाकघरात उघडतं.

शिसं ३२७ अंशाला वितळतं. भांड्यातल्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, हे मला माहीत आहे, तो युक्तिवाद पुन्हा नको. त्रास होतो तो वरची मळी काढताना उडणाऱ्या धुळीचा. ती बुटाला लागते, बुटावरून गालिच्यावर येते आणि रांगतं मूल तोच हात तोंडात घालतं. २०२१ पासून इथे मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं की आम्ही थांबतो आणि घरात शिसं कुठून येतंय ते विचारतो. तीही सुरक्षित पातळी नाही, तशी पातळी अजून कोणाला सापडलेली नाही.

आणि सप्रेसर धुण्यासाठी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करणारे इथे असतील. कृपा करून थांबवा. त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं. पाण्यात विरघळणारं, चवीला गोड, आणि कातडीतूनही आत जाऊ शकणारं. ते सिंकमध्ये ओतायचं नसतं. घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावं लागतं.

ऑस्टिनकर

ताई, गॅरेजबद्दल तुमचं बरोबर आहे. भांडं या आठवड्यात मागच्या अंगणातल्या शेडमध्ये हलवतो, बूटही तिथेच राहतील. ओव्हन पहिल्यापासून वेगळाच आहे, त्यात कधी पाव भाजलेला नाही.

पण यावरून कोटिंग निरुपयोगी ठरत नाही, उलट गरजेचं ठरतं. सप्रेसर लावला की नळीतला वायू मागे रेटला जातो आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत मागची झडप, म्हणजे बोल्ट, उघडताच तोंडावर येतो. त्या वायूत शिसं जितकं कमी तितकं बरं. चकत्यांवर थरच बसला नाही तर ते व्हिनेगरचं मिश्रण कोणाला लागेल?

जॅकेटच_बरं

मग तोच धागा शेवटपर्यंत न्या. तळही झाकलेली प्लेटेड (तांब्याचा मुलामा दिलेली) गोळी विकत मिळते, शिसं नसलेले प्रायमरही मिळतात. दोन्ही घेतले तर वायूत शिसं जवळपास राहत नाही, आणि मळी, शेड, वेगळे बूट काहीच नको. ओतण्यात तुम्हाला आनंद आहे, तो मी समजू शकतो. पण आनंदासाठी करता असं म्हणा, सप्रेसरसाठी करता असं म्हणू नका.

ऑस्टिनकर

आनंद आहेच, लपवत नाही. माझ्या साच्यातली २३० ग्रेनची गोळी आवाजाच्या वेगाच्या बरीच खाली राहून चाळीस यार्डांवर मुठीएवढ्या जागेत पाच भोकं पाडते. ती मी ओतली, मी भाजली, मी मोजली. हे खोक्यातल्या गोळीत मिळत नाही. पण प्रायमरचं तुमचं म्हणणं घेतो. पुढचा डबा शिसं नसलेल्यांचा आणतो आणि शंभर काडतुसांनंतर सप्रेसर उघडून फोटो इथेच टाकतो.

बालकक्ष_ओहायो

फोटोच्या आधी रक्त तपासून घ्या. तुमचं आणि तुमच्या मुलीचंही. बोटाला टोचून आकडा जास्त आला तर घाबरू नका, बोटावरच्या धुळीनेही तो वाढतो. शिरेतून पुन्हा रक्त घ्यायला सांगा.

ऑस्टिनकर

मंगळवारची वेळ घेतली आहे. दोघांचीही.